घड्याळाकडे, बांगडीकडे

सासूबाई पहिल्यांदा सिंगापूरला आल्या तेव्हा विमानतळावरचा तो काचेच्या घुमटातला धबधबा बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रात्री हा बंद कोण करतं?"

"आपोआप होतो, आई," नवरा म्हणाला.

"म्हणजे नळच की मग," असं म्हणून त्या पुढे चालू लागल्या.

सासूबाई सोलापूरच्या. जन्म तिथला, लग्न तिथलं, संसारही तिथेच झाला. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे चार दिवसांआड नळाला येणारी आणि आली की पिंपं, बादल्या, कळश्या, शेवटी पातेल्यांतसुद्धा भरून ठेवायची गोष्ट. अशा घरातला मुलगा जहाजावर इंजिनियर झाला याचं गल्लीत सगळ्यांना हसू यायचं. आता तो जहाज सोडून तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात काम करतो, आम्ही सेरंगूनला राहतो, आणि सासरे गेल्यापासून सासूबाई दर वर्षी काही महिने आमच्याकडे येतात. आल्या की लिटिल इंडियात भाजी घेताना, बसमध्ये, कुठेही त्यांना तो धबधबा आठवायचा. "इथे खरा धबधबा नाहीच का गं एकही?"

सिंगापुरात धबधबा कुठून असणार? मुळात डोंगरच नाही. म्हणून या वर्षी मे महिन्यात सुट्टी जमली तेव्हा मी जपान काढलं. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर डोंगरात एक घळ आहे, दोन्ही बाजूंना काळे कडे, मधे हिरवंगार पाणी, आणि वरून थेट त्या पाण्यात कोसळणारा धबधबा. तिथे होडी भाड्याने मिळते. आपणच वल्हवत धबधब्यापाशी जायचं. मी फोनवर फोटो दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"जेवायचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. मग दोन दिवस दशम्या आणि शेंगांची चटणी करण्यात गेले.

तिथे उतरून गाडी घेतली आणि शहर मागे पडल्यावर जो रस्ता सुरू झाला, तो बघून आम्ही तिघंही वेडावल्यासारखे झालो. भाताची खाचरं, त्यांत आभाळ, मधूनच बांबूचं बन, आणि वळणावळणाला पाणी. सिंगापुरात राहून वळण घेणारा रस्ता विसरायलाच होतं. वाटेत लहानमोठे धबधबे लागले तिथे तिथे सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. प्रत्येकाला उतरून नमस्कार केला, डोळ्यांना पाणी लावलं. पहिल्याला म्हणाल्या, "छान." दुसऱ्याला म्हणाल्या, "हा जरा जास्त छान." तिसऱ्याजवळ मात्र कठड्याला धरून एकदम उसळून म्हणाल्या, "अरे, किती वाया जातंय हे! कुणी भरून ठेवत नाही?"

नवरा हसत सुटला. मीही. त्या मात्र गंभीर होत्या, पण गाडीत बसल्यावर त्यांनाच आपलं बोलणं आठवलं आणि पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. त्या दिवशी जे हसू लागलं ते काही केल्या थांबेचना.

घळीपाशी पोचलो तेव्हा दुपार होती. पायऱ्या उतरून खाली होड्यांचा धक्का. गवती टोपी घातलेला एक वयस्कर माणूस सगळ्यांना केशरी जाकिटं चढवत होता. सासूबाईंची पाचवारी साडी, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट आणि पायात माझे बूट. त्या होडीत उतरल्या तेव्हा होडी डुगडुगली आणि त्यांनी त्या माणसाच्या गळ्यालाच मिठी मारली. तो बिचारा वाकून वाकून माफी मागत राहिला.

नवरा मात्र निवांत होता. "मी आहे ना," तो म्हणाला. "निम्मं आयुष्य समुद्रावर काढलंय." आणि वल्ही हातात घेऊन तो पुढे तोंड करून बसला.

टोपीवाला माणूस हातवारे करू लागला. उलटं बसा. वल्हवणाऱ्याने जायच्या दिशेला पाठ करायची असते. नवरा दोनदा मान हलवून "येस, येस" म्हणाला आणि तसाच बसून राहिला. शेवटी त्या माणसाने त्याला खांद्याला धरून फिरवलं. आता आम्ही दोघी मागच्या फळीवर बसून पुढे बघत होतो आणि नवरा आमच्याकडे.

"मला तर काहीच दिसत नाहीये," तो म्हणाला.

"जहाजावर दिसायचं का?" मी विचारलं.

"मी इंजिनवाला! मी खाली असायचो. जहाज कुठे जायचं ते वरचे लोक बघायचे."

हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं.

होडी धक्क्यापासून सुटली आणि स्वतःभोवती फिरली. मग दुसऱ्या बाजूने फिरली. दोन्ही कडे आमच्याभोवती गरगर फिरू लागले, काळे खांब एकमेकांना चिकटवून उभे केल्यासारखे उंच कडे, त्यांच्या फटीफटींतून लोंबणारी नेची, आणि वर आभाळाची एक अरुंद पट्टी. भोवळ येत होती आणि मजाही येत होती.

"डावीकडे घे रे," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"डावं ते डावंच!"

"आई, पोर्ट की स्टारबोर्ड ते सांग."

"मला पोर्टबिर्ट कळत नाही. हे बघ." त्यांनी दोन्ही हात वर केले. एका हातात घड्याळ होतं, दुसऱ्यात सोन्याची एक बांगडी. "मी म्हणेन घड्याळ, तर इकडे. बांगडी, तर तिकडे. आलं लक्षात?"

आणि खरंच, ती युक्ती चालली! "घड्याळ! घड्याळ! अरे बास, बांगडी! थोडी बांगडी!" असं ओरडत सासूबाई आम्हाला पुढे नेत होत्या, त्यांचा आवाज कड्यांवर आपटून परत येत होता, आणि आजूबाजूच्या होड्यांतली माणसं वळून वळून बघत होती. धक्क्यावरून टोपीवाला माणूस कर्णा घेऊन ओरडू लागला. "मिगी! मिगी!"

"ही मिगी कोण?" सासूबाईंनी विचारलं. "कुणाची तरी पोर हरवली वाटतं."

आम्ही तिघंही मिगीला शोधू लागलो, आणि तेवढ्यात धाडकन दुसऱ्या होडीवर आदळलो. त्या होडीत एक तरुण जोडपं होतं. आदळलो आम्ही आणि माफी मागितली त्यांनी. तरुण वाकला, म्हणून नवराही वल्ही सोडून वाकला. त्यांची होडी परत आमच्यावर आली. पुन्हा तो वाकला, पुन्हा हा. ती मुलगी हसू दाबत हाताने एका बाजूला दाखवत म्हणाली, "मिगी." म्हणजे उजवीकडे! तो माणूस केव्हापासून आम्हाला उजवीकडे व्हायला सांगत होता.

इतकं कळेपर्यंत उशीर झाला होता. त्या धक्क्याने आमची होडी आपोआप पाठमोरी झाली आणि धबधब्याकडे सरकू लागली. आवाज वाढत गेला. गार तुषार मानेवर आले. धबधबा आमच्या मागे होता, म्हणजे दिसत होता फक्त नवऱ्याला. त्याचे डोळे मोठे झाले.

"घड्याळ का बांगडी?" तो ओरडला. "आई, घड्याळ का बांगडी?"

आईंना मागचं दिसत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जोरात म्हणाल्या, "काहीही!"

मग पाणी आलं. बर्फासारखं गार आणि जडसुद्धा, जणू कुणी वरून पिंपच उपडं केलं. मी किंचाळले. सासूबाई किंचाळल्या. धार डोक्यावरून पाठीवर उतरली, श्वास अडकला, काही दिसेना, आणि त्या पाण्याच्या आवाजात मला हसण्याचा आवाज आला. सासूबाई हसत होत्या. केस चेहऱ्यावर चिकटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जाकिटातून पाणी गळतंय, आणि त्या लहान मुलीसारख्या खिदळत होत्या. सासऱ्यांच्या माघारी मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. खरं तर त्याआधीही पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, पण रडायला सवडच मिळाली नाही, कारण होडी हळूच फिरली आणि नवऱ्याच्या डोक्यावर धार आली. तो कोरडा ठाक होता तोपर्यंत. "आई गं!" असा जो त्याने आवाज काढला, त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळून हसलो.

तिथून आम्हाला बाहेर काढलं टोपीवाल्याने. तो मोटर लावलेल्या होडीतून आला, शांतपणे आमच्या होडीला दोर बांधला आणि ओढत धक्क्यावर घेऊन गेला. वर घळीवरच्या पुलावरून माणसं फोटो काढत होती. नवरा तोंड लपवून बसला होता.

"आयुष्यभर एक इंजिन बंद पडू दिलं नाही," तो पुटपुटला, "आणि आज टो होऊन चाललोय."

धक्क्यावर उतरल्यावर मी टॉवेल शोधत होते, तर सासूबाई दिसेनात. बघते तर साडीचा ओला बोळा हातात धरून त्या तिकिटाच्या खिडकीशी उभ्या, आणि आपल्या पाकिटातून पैसे काढून त्या बाईला बोटं दाखवतायत. दोन.

"आई, पुन्हा?" नवरा घाबरून म्हणाला.

"तू नको येऊ. तू वर उभा राहून फोटो काढ. आम्ही दोघी जातो."

"तिला वल्हवता येत नाही!"

"तुला तरी कुठे आलं?" त्या म्हणाल्या.

टोपीवाल्याने आम्हाला परत आलेलं बघून डोळे मिटून घेतले. पण दोर सोडला. मी उलटी बसले, वल्ही धरली, आणि पहिल्या दोन गिरक्यांनंतर होडी सरळ निघाली! मला कारण विचारू नका. मी ओढत होते, त्या घड्याळ-बांगडी करत होत्या, आणि कडे शहाण्यासारखे दोन्ही बाजूंनी मागे सरकत होते. धबधब्याच्या अलीकडे त्यांनी मला थांबवलं. दोघी भिजलेल्या, दात वाजतायत, आणि तुषारांत एक छोटंसं इंद्रधनुष्य पाण्यावर टेकलेलं.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

आम्ही रांगत जागा बदलल्या. होडी इतकी कलली की पुलावरून नवऱ्याची आरोळी ऐकू आली. सासूबाईंनी पदर खोचला, वल्ही धरली आणि एकच वल्हं मारत सुटल्या. होडी गोल फिरू लागली.

"आई, दोन्ही मारा!"

"मला कुठे जायचंय?" त्या म्हणाल्या. "मला असंच फिरायचंय."

मग आम्ही फिरत राहिलो. आभाळाची पट्टी फिरली, धबधबा समोरून गेला, नवरा समोरून गेला, पुन्हा धबधबा. त्या मोठमोठ्याने हसत होत्या आणि मी पोट धरून फळीवर आडवी झाले होते.

संध्याकाळी डोंगरातल्या मुक्कामाच्या जागी सगळ्यांना सुती झगे मिळाले. नवऱ्याचा गुडघ्यापर्यंतच पोचला. जेवण घेऊन आलेली मालकीण त्याचे पाय बघून अतिशय अदबीने वाकली, आणि सासूबाईंना पुन्हा हसू फुटलं. मग मला. मग हाताने तोंड झाकून त्या मालकिणीलाही. नवरा एकटा मान खाली घालून भात आणि शेंगांची चटणी खात राहिला.

घरी आल्यानंतर साधारण आठवड्याने तुआसहून आल्यावर त्याने खालूनच मला फोन केला. "खाली ये, बघ काय चाललंय."

मी उतरले. आमच्या ब्लॉकखाली मोकळी जागा आहे, तिथे बाकं टाकलेली आहेत. शेजारच्या जिन्यातली एक चिनी आजी संध्याकाळी तिथे बसते. तिला मराठी येत नाही, सासूबाईंना इंग्रजी जेमतेम. दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. सासूबाई दोन्ही हातांनी हवेत वल्हवत होत्या. मग त्यांनी डोक्यावरून पाणी कोसळल्याची खूण केली आणि मोठ्याने किंचाळल्या.

"वा, सो स्ट्राँग आह!" आजी टाळी वाजवून म्हणाली, आणि तिनेही वल्हवायला सुरुवात केली.