मंद्रूपचा इंग्रजी पाढा

पुण्याहून निघताना आमच्या कुटुंबाने गूळपोळ्यांचा डबा हातात दिला आणि वर बजावले, "साहेबाच्या नादाने काहीबाही खाऊ नका." साहेब म्हणजे आमचे शेजारी टॉमसाहेब. आगगाडीवरचे पेन्शनीत निघालेले गार्ड, जातीचे आयरिश. मी एका हायस्कुलातला कारकून. जुने शाळा-दप्तर धुंडाळण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असे मीच त्यांना सांगून बसलो होतो!

पुढच्या महिन्यात साहेब बोटीने आयर्लंडला निघणार होते, तेही जन्मात पहिल्यांदा. अडचण एवढीच, की उतरल्यावर कोणत्या गावी जायचे ते त्यांना ठाऊक नव्हते. वडील सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या रस्त्यावर ओव्हरसियर. ते पटकीने गेले तेव्हा साहेब आठ वर्षांचे. मग अनाथाश्रम. आजोबांचे नाव, गाव, सारे ते तिथे विसरले. डब्लिनचे सरकारी दप्तर लढाईत जळालेले. वडील तिथे शिकले असतील म्हणून विचारले, तर तिथल्या विद्यापीठाने कळवले, या आडनावाचे विद्यार्थी आमच्याकडे खंडीभर, त्यांतले तुमचे कोणते? ते आडनाव तिकडे आपल्या कुलकर्ण्यांसारखे पसरलेले. उरली मंद्रूपची मराठी शाळा. साहेब तिथे दुसरीपर्यंत शिकले होते. नाव घालताना बापाने मूळ गाव सांगितलेच असणार, हा माझा कयास.

सोलापूरला उतरलो आणि उन्हाने डोळेच दिपले. मंद्रूपच्या सर्व्हिस मोटारीत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी बसली होती. अर्ध्या वाटेत मोटार वाफा सोडत थांबली. ड्रायव्हरने सगळ्यांचे पाणी मागून घेतले आणि माझ्या फिरकीच्या तांब्यातले पुण्याचे पाणीसुद्धा इंजिनात ओतले. मी तणतणत बसलो. साहेब मात्र शेजारच्या मेंढरांपाशी एका धनगराशी गप्पा हाणत होते.

"तुमी कुटलं, सायेब?"

"त्येच बगाया चाललूय की!" साहेब म्हणाले.

धनगराने माझ्याकडे बोट केले. "आनि ह्ये पावनं? ह्येंची बोली लई येगळी हाय. विलायतेचं हायती व्हय?"

साहेब इतके हसले, की मला घाम फुटला. धनगराने कडक भाकरी (वाळवून कडकडीत केलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगाचटणी (भुईमुगाच्या दाण्यांची तिखट चटणी) पुढे केली. साहेबांनी दोन भाकऱ्या मोडल्या. मी बोटभर चटणी चाखली आणि मंद्रूप येईपर्यंत उचक्या देत राहिलो. कुटुंबाची ताकीद फारच उशिरा आठवली.

शाळेत हेडमास्तरांनी मोठ्या आदराने पेटी उघडली. "दप्तर हाय," ते म्हणाले, "पर आतलं न्हाय." वाळवीने पुठ्ठे तेवढे शिल्लक ठेवले होते, मध्ये नुसती माती. एवढी बढाई मारून आलेला मी ते पुठ्ठेच उलटेपालटे करत बसलो.

साहेब पायरीवर बसले. "ऱ्हाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "तिकीट परत करतो. तितं जाऊन कुनाच्या दारात हुबा ऱ्हाऊ?" मला फार वाईट वाटले. शेजारी बसलो आणि डब्यातली गूळपोळी पुढे केली. त्यांनी ती हातात नुसती धरून ठेवली.

दिवेलागणीला पोरे परवचा (संध्याकाळी एका सुरात म्हणायचे पाढे नि श्लोक) म्हणायला ओसरीवर जमली. म्हातारे, कधीचे निवृत्त झालेले पंतोजी काठी टेकत येऊन बसले. दीडकी झाली, औटकी (साडेतीनचा पाढा) झाली. मग पंतोजी गरजले, "आता इंग्रजी पाढा!"

पोरांनी छपराला जाऊन भिडेल असा सूर लावला:

"टाम सनाफ ह्यू! ह्यू सनाफ ड्यान! ड्यान सनाफ ओवेन! ओवेन सनाफ मार्टिन! किलनामोराऽऽ, क्लेअर!"

साहेबांच्या हातातली पोळी खाली पडली. 'सनाफ' म्हणजे 'सन ऑफ', अमक्याचा मुलगा; ह्यू म्हणजे त्यांचे वडील, आणि शेवटी चक्क गाव!

"पंतोजी," ते उठून म्हणाले, "मी टॉम. ओव्हरसियरचा पोरगा."

पंतोजींनी डोळे बारीक करून पाहिले. "टॉम्या? औटकी म्हण बघू आधी!"

साहेब हात जोडून उभे राहिले, औटकी सुरू केली आणि सहाव्या ओळीला अडखळले.

"हां, टॉम्याच आहेस. तेव्हाही इथंच चुकायचास. अरे, तुझा बाप रोज संध्याकाळी तुझ्याकडून हे घोकून घ्यायचा. मी म्हटलं, इंग्रजी पाढा असणार, मग आमचीच पोरं मागं का? इन्स्पेक्टर आला की हाच म्हणायला लावायचो. अर्थ विचारायची एकाची हिंमत झाली नाही!"

साहेब खाली बसले ते थेट पोरांच्या रांगेत. "परत म्हना की," ते म्हणाले, आणि पोरांबरोबर रडत रडत तो पाढा म्हणू लागले. मीही पुन्हा उचक्या देत म्हणत होतो, या खेपेला चटणी न खाता.

परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत त्यांनी दुसरे काही बोलू दिले नाही. महिन्याभराने त्यांना घेऊन बोट सुटली.

परवा आमच्याकडे श्राद्ध होते. मी ओंजळीत तीळ-पाणी घेऊन बसलो होतो. वडिलांचे नाव सांगितले, आजोबांचेही सांगितले.

"पणजोबा?" भटजींनी विचारले.

मी आठवू लागलो. काही केल्या आठवेना. साहेबाचा पणजा मंद्रूपच्या पोराटोरांना पाठ, आणि माझा मलाच ठाऊक नव्हता, याची लाज वाटली. भटजी खोळंबले होते. तोंडून निघून गेले, "ओवेन."

भटजींचा आ वासलेला तसाच राहिला. आता माघार घेता येत नव्हती. मी ओंजळ सोडून दिली.

आतून कुटुंबाचा आवाज आला, "तरी बजावलं होतं, काहीबाही खाऊ नका म्हणून!"