एका हाताचं पान

किसनला जाऊन आता महिना होत आला. त्याच्याबद्दल चार शब्द लिहिण्याआधी माझी चूक लिहायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. बेल्ह्याच्या बाजारात एकदा त्याचं हसं झालं, ते माझ्यामुळे... आणि मी तेव्हा गप्प बसलो.

आळेफाट्यावर आम्हा दोघांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मी टायपिंग शिकवायचो, आणे गावच्या मेंढपाळाच्या घरातला किसन वेबसाइट बनवायचा. मोबाइलवर इंटरनेट नुकतंच येऊ लागलं होतं. बेल्ह्याच्या एका बैलांच्या व्यापाऱ्याला, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, आपले बैल लोकांना मोबाइलवर दिसायला हवे होते. किसनने घरून मेंढराचं दावं आणलं. एक टोक टेबलाच्या पायाला, दुसरं स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधलं आणि उजव्या अंगठ्याने मोबाइलवर आपणच बनवलेलं वेबसाइटचं पान चाळत बसला. मी हसलो तर म्हणाला, "भाऊ, बाजारात मानूस एका हातानं बैल धरतो. दुसऱ्या हाताला जमंल तेवढंच पान ठेवायचं." मग उन्हात उभं राहून बघायचा, अक्षर दिसेना की मोठं करायचा. शेवटी उरला वर शेठचा नंबर, दाबला की फोन लागणारा. खाली बैलाचा रंग, दात आणि एक लहानसा फोटो.

मला ते पान भिकारडं वाटलं. दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर तर फारच. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी किसन गावी गेल्यावर मी त्यात शेठचा फेटा बांधलेला भला मोठा फोटो घातला, कडेने नक्षी काढली. वाटलं, शेठ खूश होतील.

दुसऱ्या दिवशी बाजारात शेठनी चार पाहुण्यांसमोर मोबाइल काढला. पान उघडता उघडेना. उघडलं तेव्हा नुसता फेटा. नंबर पार खाली गेलेला. शेठ म्हणाले, "किसना, फेटा दिसतोय राव. बैल कुठं बांधलाय?" सगळे हसले. किसनने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत राहिलो. "चुकलं शेठ, आजच नीट करतो," एवढंच तो बोलला.

मला मात्र कधी काही बोलला नाही. फक्त पुढे मी कुठल्याही पानात सजावट केली की मागून आवाज यायचा, "भाऊ, फेटा काढ." मीही हसायचो. त्या हसण्यातच माफी मागायची राहून गेली... मग त्याला कावीळ झाली. मी भेटायला पोचलो तेव्हा त्याला ओळखही पटत नव्हती.

टेबलाच्या पायाला ते दावं अजून आहे. झाडणाऱ्या बाई विचारतात, सोडू का? मी नको म्हणतो.

गेल्या बाजारी बेल्ह्याला गेलो. शेठनी एका हातात बैलाचा कासरा धरला होता आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते गिऱ्हाइकाला किसनचं पान दाखवत होते. मला पाहून म्हणाले, "लई गुणाचं पोरगं व्हतं. एकदाच चुकलं बघा, त्या फेट्याच्या टायमाला." भोवती तेव्हा हसलेली दोन-तीन माणसंही होती.

"शेठ," मी म्हणालो, "तो फेटा मी घातला होता, त्याला न विचारता. तुम्ही त्याला हसलात आणि मी खाली बघत राहिलो. चूक माझी होती. त्याला सांगायचं राहिलं... म्हणून इथं, सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो."