चंद्रभानदादांचं शेवटचं कडवं

आमची फिल्म तासाभरात संपते. ती काढतानाचे किस्से मात्र संपायचं नाव घेत नाहीत. अंबडला कोर्टासमोरच्या टपरीवर आम्ही तिघं चहाला टेकलो, की कुणीतरी म्हणतं, "अन् ते गुलाबाचं आठवतं का?" की गेला अर्धा तास!

तिघं म्हणजे मी, लग्नाचं शूटिंग करणारा. शाळेत मराठी शिकवणारे गायकवाड सर. आणि मांडव-लाउडस्पीकरवाले रफिकभाई. फिल्म आहे शहागडच्या चंद्रभानदादांवर. साठच्या दशकात त्यांची गायन पार्टी भीमगीतं गात गावोगाव फिरायची. त्यांच्या पत्नी जनाकाकू मागे बसून झील धरायच्या, म्हणजे धृपद उचलायच्या.

*

खूळ मूळचं सरांचं. त्यांना परदेशी गायकांच्या फिल्मा बघायचा नाद. एका रविवारी त्यांनी शहागडच्या विहारात भिंतीवर तसली एक फिल्म लावली. त्याच साठच्या दशकातली, पण गोऱ्यांची. एक किडकिडीत पोरगा गळ्यात गिटार अडकवून, तोंडापुढे माउथ ऑर्गन बांधून एकटाच गात होता. रफिकभाईंचा जीव कळवळला. म्हणाले, "इसको पेटीवाला न्हाई मिला क्या? बेचारा दोन्ही काम अकेलाच करून राह्यला."

पुढे दुसरे गायक आले आणि त्यांना बघून पोरी ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मागे बसलेले दादा शांतपणे म्हणाले, "आमच्या टायमाला बी गाण्यापायी लई रडारड व्हायची. पण ती घरच्यांची."

सरांनी तिथल्या तिथं ठरवलं, आपली फिल्म ह्याच माणसावर.

*

दादांची अट एकच. "मला पाहिजे तिथं काप. शेवटचं कडवं कापू नको."

त्याचा अर्थ आम्हाला अंकुशनगरच्या रस्त्यावर कळला. कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर चालले होते, आम्ही शूटिंगसाठी थांबलो होतो. एका ट्रॅक्टरवर डीजेच्या ठेक्यात गाणं दणदणत होतं. दादांनी काठी आडवी धरून ट्रॅक्टरच थांबवला. आम्हाला वाटलं, आता आवाज कमी करायला सांगतात.

म्हणाले, "वाढव जरा."

गाणं त्यांचंच होतं! ड्रायव्हरला विचारलं, कुणाचं गाणं आहे रे? तो म्हणाला, "कुणाचं न्हाई, जुनं हाय." दादा शेवटपर्यंत कान देऊन उभे राहिले. शेवटच्या कडव्यात "म्हणे चंद्रभान" असं कवीचं नाव गुंफलेलं असतं. डीजेवाल्यांनी नेमकं तेच कडवं छाटून टाकलं होतं. दादांनी काठी बाजूला घेतली आणि ड्रायव्हरला जाऊ दिलं.

*

जनाकाकूंचा किस्सा वेगळाच. घरातलं शूटिंग होतं. सरांनी त्यांना बजावलं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, आम्ही इथं नाहीच असं समजायचं. काकूंनी चहा टाकला. आल्याचा वास घरभर सुटला. त्यांनी दोनच कप भरले, एक दादांना दिला, एक स्वतः घेतला, आणि दोघं आमच्यासमोर सावकाश फुरके मारत बसले. सकाळपासून उपाशी रफिकभाई माइकची काठी धरून घटाघटा आवंढे गिळत होते, तेही रेकॉर्ड झालंय.

शॉट संपल्यावर मी म्हटलं, काकू, आमचा चहा?

"तुम्ही होतेच कुठं?"

*

आणि त्यांना नवऱ्याचं नाव विचारायची बुद्धी आम्हाला झाली तो दिवस! सरांना फिल्मच्या सुरुवातीला काकूंच्या तोंडून ओळख हवी होती. काकू म्हणाल्या, "हे ह्या पार्टीचे मालक." सर म्हणाले, नाव सांगा. तर म्हणाल्या, "रातच्याला वर दिसतो तो, अन् दिवसाला वर दिसतो तो. दोन्ही जोडा."

सरांनी चिकाटी सोडली नाही. लग्नात उखाण्यात तरी नाव घेतलंच असेल, म्हणाले.

"न्हाई. पोरींनी दार अडवलं होतं, मंग मी मागच्या दारानं आत गेल्ते."

दादा इतके हसले की त्यांना दम्याची उबळ आली. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि आमचं हसू मावळलं. दादांचा श्वास फार दिवस साथ देणार नाही, हे त्या दिवशी आम्हाला कळून चुकलं.

*

मग ते गुलाबाचं. मी अर्धी फिल्म जोडून दाखवली. लग्नाच्या कॅसेटींची सवय, त्यामुळे दादांची एन्ट्री झाली आणि पडद्यावर गुलाब उमलला, त्यातून दादा बाहेर. सरांनी कपाळावर हात मारला. दादा म्हणाले, "राहू द्या. आमच्या लग्नाची कॅसेट निघाली नव्हती."

गुलाब अजून फिल्ममध्ये आहे. कुणी हसलं तर हसू दे. इतकी लग्नं शूट केली, पण असा नवरदेव मला दुसरा मिळाला नाही. ह्या दोघांनी आपलं दार आम्हाला उघडलं, हे आमचं नशीब.

*

शेवटी विहारासमोर कार्यक्रम ठेवला. ऊन उतरलं तसं अख्खं शहागड जमलं. तो अंकुशनगरचा ट्रॅक्टरवाला पण आला होता, हे आम्हाला पुढे फिल्ममध्ये दिसलं. रफिकभाईंनी मांडव-लाउडस्पीकरच्या भाड्याचा विषयसुद्धा काढू दिला नाही.

दादांनी पहिली कडवी झोकात म्हटली. माणसं डोलायला लागली. शेवटचं कडवं उचललं आणि नावाच्या तोंडाशीच श्वास अडकला. त्यांनी पुन्हा सूर लावला, पुन्हा तिथंच अडकले. ढोलकीवाला तोच ठेका घोळवत राहिला. दादा माझ्याकडे बघत होते, आणि मला कॅमेरा धरवत नव्हता.

मागून आवाज आला. चढा, स्वच्छ आणि अगदी सुरात.

"म्हणे चंद्रभान..."

जनाकाकूंनी कडवं शेवटपर्यंत नेलं. नाव दोनदा येतं, दोन्ही वेळा घेतलं. टाळ्या थांबेनात. दादा मान वळवून मागेच बघत राहिले.

गर्दी पांगल्यावर काकू पदर सावरत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबा, तेवढं कापून टाक."

खुर्चीत धापा टाकत बसलेल्या दादांनी काठी उचलून माझ्यावर रोखली.

"हात लावून बघ!"