खुर्चीमागचे काका

या देशाच्या पाच राष्ट्रपतींना नुसत्या पाठीवरून ओळखेल असा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा काका आहे. फौजेत असताना काकांची बदली दिल्लीला राष्ट्रपतींच्या निवासस्थानी झाली आणि तिथल्या मेजवान्यांत राष्ट्रपतींच्या खुर्चीमागे उभं राहायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. साहेब बसताना खुर्ची पुढे सरकवायची, उठताना मागे ओढायची आणि मधला दीड तास खांबासारखं उभं राहायचं. "त्वांड बघायची सोय न्हवती," काका सांगतात, "पर पाची पाठी अजून डोळ्यापुढं हायत. एक उजव्या अंगाला कलायची. एक जेवण हुईस्तवर हलायची न्हाई." राष्ट्रपतींनी एकदा तरी समोरून बघावं, हातात हात द्यावा, एवढी एकच इच्छा मनात राहून काका पेन्शनीत निघाले आणि वडूजजवळच्या आपल्या गावी परतले. येताना ट्रंकेबरोबर सगळा राजशिष्टाचारही घेऊन आले.

त्याचा पहिला तडाखा मला बसला. मी सांगलीचा, कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा साधा माणूस. दिवाळसणाला आम्ही दोघं सासुरवाडीला निघालो तेव्हा काकांनी फोनवर आगमनाची वेळ पक्की करून घेतली, अकरा वाजून वीस मिनिटं. मी हौसेनं मोटारसायकल दामटली आणि सात मिनिटं आधीच पोचलो. काका फेटा बांधून फाटकात उभे होते. घड्याळ बघून म्हणाले, "जावईबापू, सात मिनटं हायत अजून. तवर लिंबाखाली थांबा." समोरच्या कडुलिंबाखाली मी थांबलो. बायकोही थांबली, स्वतःच्या माहेरासमोर, पेढ्यांचा पुडा पोटाशी धरून. अकरा-वीसला सासरे फाटकापर्यंत आले, मेव्हणा पायरीपर्यंत, सासूबाई उंबऱ्यापर्यंत. त्यापुढे एक पाऊल टाकायची कुणाची बिशाद नव्हती. जेवायला बसलो तर मागून खुर्ची इतकी अलगद आली, की आपण बसलो आहोत हे मला नंतर कळलं. वळून बघितलं तर काका मागे उभे. पहिला घास मी पाठ ताठ करून घेतला.

कुणी हसलं म्हणून ते माघार घेत नाहीत. दुसऱ्या एका पुतणीच्या लग्नात नवरीचा मामा आधी मांडवात येणार की नवऱ्याचा, यावरून दोन्हीकडचे हमरीतुमरीवर आले, तेव्हा काकांनी शांतपणे विळा मागवला, मंडपाच्या कनातीला दुसऱ्या बाजूनं दार पाडलं आणि दोन्ही मामांना एकाच क्षणी दोन दारांतून आत घेतलं. मंडपवाला बोंबलत राहिला. मामा मात्र एकमेकांना मिठ्या मारत होते. काकू एवढ्या वर्षांनी या सगळ्याला सरावल्या आहेत. "आवं, माणसं भुकेजली, क्रम कसला लावताय?" असं रोज म्हणतात, आणि काकांनी ओढलेल्या खुर्चीवर रोज बसतातही. त्यांच्या पिढीतली नवऱ्यानं खुर्ची दिलेली गावातली ती एकच बाई असावी.

आणि मग घराघरातून फौजेत पोरं धाडणाऱ्या त्या गावात शहीद जवानांचं स्मारक उभं राहिलं, आणि उद्घाटनाला साक्षात राष्ट्रपती येणार असं ठरलं. स्वागताच्या रांगेसाठी गावानं सहा नावं क्रमानं लिहून द्यावीत, असा निरोप आला. गावातल्या वजनदार मंडळींनी यादी केली आणि सहावं नाव, माजी सैनिक म्हणून, काकांचं घातलं. बातमी कळली त्या दिवशी काकांनी मला सांगलीला फोन केला. एरवी फोनवर मोजकं बोलणारा माणूस, पण एकच गोष्ट तीनदा सांगितली. "जावईबापू, समोरनं बघणार मी. हात मिळवणार." मी रजा टाकून गेलो.

सही करायला यादी काकांसमोर आली तेव्हा मी शेजारीच होतो. त्यांनी ती दोनदा वाचली. "सरपंच कुठं हायत ह्यात?" गावच्या सरपंच म्हणजे बुद्धविहाराजवळ राहणारी तिशीतली बाई. यादी करताना ती कुणाला आठवली नाही, की आठवूनच विसरली गेली, देव जाणे. यादी आणणारा म्हणाला, "बाई ववाळतील की, आरतीचं ताट दिलंय त्यास्नी." काकांनी चष्मा काढला. "राष्ट्रपती देशाचा पयला नागरिक. सरपंच गावचा पयला. पयल्यानं पयल्याला भेटायचं असतंय. एक नंबरला त्यांचं नाव घाला." तो म्हणाला, "मग सात हुत्यात." "सहाच ऱ्हायला पायजेत. शेवटचा गळतो, तसाच नियम हाय."

शेवटचं नाव त्यांचंच होतं. लाल पेन्सिलीनं त्यांनी ते पट्टी लावून खोडलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, वरच्या पाचांतला एखादा खोडा की! आयुष्यभर वाट बघितलीत." त्यांनी खाली सही केली आणि यादी परत दिली. संध्याकाळी सरपंचबाई धावत आल्या, डोळ्यांत पाणी. "आवं काका, मी ववाळते, तुमी हुबं ऱ्हावा." काका खुर्चीवरून उठून उभे राहिले, कारण सरपंच आल्यावर बसून बोलायचं नसतं. म्हणाले, "सरपंच, ह्यात तुमचं-माझं काय न्हाई. मान खुर्चीचा हाय. मी जलमभर खुर्चीच राखली." मग त्यांना नमस्कार किती वेळ धरायचा ते शिकवत बसले.

उद्घाटनाच्या दिवशी काका दोरीच्या अलीकडे गर्दीत उभे होते, छातीवर पदकं, अंग सावधान. मी त्यांच्या मागे होतो. राष्ट्रपती आले, रांगेपाशी थांबले. सरपंचबाईंनी नमस्कार केला, शिकवला होता तेवढाच, आणि काहीतरी बोलून राष्ट्रपती हसले. मग दोरीपासून चार हातांवरून आमच्या बाजूनं पुढे गेले. बघितलं त्यांनी, पण सगळ्या गर्दीकडे बघतात तसं. मला काकांची फक्त पाठ दिसत होती. पट्टीसारखी सरळ होती, आणि सदरा घामानं भिजला होता. सगळं पांगल्यावर मी भीत भीत विचारलं, "दिसले का काका?" म्हणाले, "दिसलं. पयल्यांदाच समोरनं." पदकं सारखी करत म्हणाले, "दमल्यागत वाटलं. खुर्ची नीट सरकवत नसंल कुणी." मला हसू आलं आणि त्याच वेळी भडभडून आलं. त्या माणसावर माझं किती प्रेम आहे, हे मला त्या क्षणी समजलं.

आता काका ऐंशीला टेकलेत. यंदा दिवाळीला गेलो तेव्हा सवयीप्रमाणे आधी पोचलो. फाटकात कुणी नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. अंगणात माझ्यासाठी मांडलेल्या खुर्चीमागे काका पाठमोरे उभे होते. दोन्ही हात खुर्चीवर होते, पण आता खुर्चीच त्यांना धरून होती. पाठीला बाक आलेला. बायको पुढे निघाली, तिला मी हाताला धरून कडुलिंबाखाली ओढलं.

सात मिनिटं आम्ही तिथंच थांबलो. त्या पाठीला ताठ व्हायला आता तेवढा वेळ लागतो.