सर्वानुमते

माझं अक्षर चांगलं आणि बोलणं कमी, म्हणून मला सोसायटीची सेक्रेटरी केलं. उल्हासनगरला एका शाळेच्या कार्यालयात मी कारकून आहे. दाखले, रजिस्टरं, हजेरीपट यांतच दिवस जातो. राहायला अंबरनाथला, बुवापाड्याच्या अलीकडे. आमच्या सोसायटीत तीन इमारती आहेत. रस्त्याला लागून ए आणि बी, त्यांच्या मागे नाल्याकडे सी. मी बी-मध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

ए आणि बी-मधले बहुतेक जण ऑफिसवाले, त्यांना रविवारी सुट्टी. सी-मध्ये आनंदनगरच्या कारखान्यांत जाणारी माणसं, आणि कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. एकाच आवारात आम्ही दोन वेगळ्या आठवड्यांत राहायचो. हे इथे सगळ्यांना इतकं सवयीचं आहे की त्याबद्दल कोणी बोलत नाही. मीही बोलले नाही, आणि जे झालं ते तिथूनच झालं.

करोनाच्या आधीची गोष्ट. तेव्हा तिन्ही इमारतींचे पंप आणि टाक्या वेगळ्या होत्या. सी-च्या पंपाची किल्ली मामांकडे असे. मामा म्हणजे निवृत्त टर्नर, तळमजल्यावर एकटेच राहायचे. पहिल्या पाळीच्या माणसांना पहाटे, रात्रपाळीवाल्यांना आठच्या सुमारास आणि उरलेल्यांना दुपारी, असं ते पाळ्या पाहून पाणी सोडत. वेळापत्रक कुठे लिहिलेलं नव्हतं, मामांच्या डोक्यात होतं. आमचे अध्यक्ष ए-मधले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना हे पटत नसे.

"एका माणसाच्या मर्जीवर अठरा घरांचं पाणी? याला कारभार म्हणतात का?" ते म्हणायचे. "एक टाकी, एक पंप, एक वेळ. हिशोबात राहतं सगळं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सी-चा पंप वरचेवर जळायचा आणि मग त्या लोकांना आमच्याच नळाखाली रांग लावावी लागायची. मामांचं ज्याच्याशी बिनसलं, त्याच्या मजल्याच्या पाण्याचा वॉल जरा उशिराच फिरायचा. पण मला ती योजना आवडली त्याचं कारण यातलं कुठलंच नव्हतं. रस्त्यावरची लाइन एकच. सी-चा पंप ओढू लागला की बी-ची टाकी भरायची थांबे, आणि शाळेत निघायच्या घाईत माझ्या नळाची धार करंगळीएवढी होई. माझं मत माझ्या मोरीत तयार झालं होतं. सभेत मात्र मी कारभाराविषयी बोलले.

सभेची तारीख ठरवणं माझं काम होतं. मी रविवार, दुपारी तीन, अशी वेळ दिली. नोटीस चौदा दिवस आधी तिन्ही जिन्यांत लावली. नियमात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. कारखान्याची बस पहिल्या पाळीच्या लोकांना पावणेचारला नाक्यावर सोडते, हे मला ठाऊक होतं. खिडकीतून रोज दिसायची.

तीनला तेरा जण आले. कोरम वीसचा. कोरम नसेल तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. त्या दुसऱ्या सभेला कोरम लागत नाही. सगळ्या सोसायट्यांत असंच चालतं. लोक तो अर्धा तास उभ्याउभ्या गप्पा मारत काढतात. आम्हीही काढला. सी-मधून एकटे मामा आले होते.

साडेतीन वाजले तसे मामा माझ्या टेबलाजवळ आले. "ताई, पंधरा मिनिटं थांबा. बस येईल एवढ्यात."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबू या म्हणाले असते तर ते थांबले असते. त्यांचा हट्ट पंधरा मिनिटांएवढा मोठा नव्हता. मी म्हणाले, "मामा, नियम आहे."

हात वर झाले. बाजूने बारा, त्यात एक माझा. विरोधात एक. मामांनी हात वर केला आणि मोजून झाल्यावरही थोडा वेळ तसाच ठेवला.

चहा फिरत होता तेव्हा पहिल्या पाळीची माणसं आली, खांद्याला डब्याच्या पिशव्या. सी-च्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांनी विचारलं, "झालं पण?"

"झालं," मी म्हणाले.

त्या दिवशी मी घरी बसून इतिवृत्त लिहिलं. 'बहुमताने' लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. कोणी सांगितलं नव्हतं. त्या एका हातामुळे पान खराब दिसेल असं काहीतरी तेव्हा वाटलं. शाळेच्या रजिस्टरात मी खाडाखोड होऊ देत नाही, तशातलंच ते.

मग तिन्ही इमारतींची टाकी आणि पंप एक झाले आणि पाणी सकाळी साडेसहा ते सव्वासात येऊ लागलं. माझा नळ छान वाहायचा. पहिल्या पाळीची बस सव्वासहाला सुटते. वहिनी एकट्या राहतात. सकाळी त्या गेल्यावर नळाला पाणी, दुपारी परत आल्यावर नळ कोरडा. अशी सी-मध्ये सात घरं होती. त्या सातही घरांच्या चाव्या मामांकडे आल्या. पंपाची किल्ली गेली होती. आता ते पाऊण तासात सात घरांची कुलपं उघडून पिंपं भरत जिना चढत-उतरत. सत्तरीचा माणूस. त्यांनी एकदा मला सी-पुरता वेगळा वॉल बसवून द्या म्हणून सांगितलं. "सर्वसाधारण सभेत विषय घ्यावा लागेल," मी म्हणाले. तो विषय मी घेतला नाही.

एके दिवशी एका घरातला नळ बंद करायचा राहिला. खालच्या घरात छतातून पाणी उतरलं, टीव्ही गेला. अध्यक्षांनी मामांना नोटीस द्यायला सांगितलं. परक्या घरात शिरून निष्काळजीपणा केला, असा मजकूर. माझ्या अक्षरात. मामांनी सातही घरी चाव्या परत दिल्या आणि महिन्याभरात ते बदलापूरला मुलीकडे राहायला गेले.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. निमित्त झालं अध्यक्षांचंच. नगरपरिषदेची मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक आला आणि बरीच वर्षं नगरसेवक नव्हता. आमच्या गल्लीतलं गटार फुटलं तेव्हा अध्यक्ष तीनदा अर्ज देऊन आले. मला म्हणाले, "सगळं वरून ठरतं हो. आपल्याला कधी पाणी, कधी चिखल, हे तिकडे बसलेल्याला काय कळणार? विचारायला दारात माणूस नको का?"

मी मान हलवली. पुढच्या रविवारी बदलापूरला गेले.

मामा गॅलरीत लसूण सोलत होते. मी सगळं एका दमात सांगितलं: तारीख, बस, नळ, 'सर्वानुमते'.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पुढच्या सभेत तुम्हीच वाचून दाखवलंत की."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तीही रविवारचीच होती. परत बारा विरुद्ध एक. माझा हात फुकट दुखला असता." लसणीची सालं त्यांनी फुंकरीने बाजूला केली. "आणि ताई, माझ्या राज्यात तर मतदानच नव्हतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्याला मी दोन वर्षं उशिरा पाणी सोडलं. का भांडलो होतो तेही आठवत नाही. त्याने तुमच्या बाजूने हात वर केला असता. पण तोही त्या बसमध्येच होता."

निघताना म्हणाले, "एकदा शुक्रवारी ठेवून बघा."

सेक्रेटरी अजून मीच आहे, दुसरं कोणी तयार होत नाही. मी शुक्रवार, दुपारी तीन, अशी नोटीस लावली आणि शाळेतून अर्धी रजा घेतली. विषय दोन: एक, सी-साठी वेगळा वॉल आणि त्याची किल्ली; दुसरा, मोठ्या पंपाची दुरुस्ती कोणी पाहायची. सी-मधून पंधरा जण आले, शिवाय अध्यक्ष आणि मी. कोरमला तीन कमी. सभा तहकूब. साडेतीनला अध्यक्ष म्हणाले, "ऑफिसवाले संध्याकाळी येतील. थांबू या की."

"काका, नियम आहे," वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. मला हसता आलं नाही. मी तीच सभा पुन्हा भरवली होती, फक्त माणसं बदलून.

मी म्हणाले, "वॉल सी-चा आहे, त्यावर आता हात वर करा. पंप तिघांचा आहे, तो विषय आज रात्री आठला घेऊ. तेव्हा सगळे घरी असतात."

"आणि आठला ते जास्त असले तर?" वहिनींनी विचारलं.

"तर जास्त असतील."

कुरकुर झाली, पण हात वर झाले. बाजूने सोळा. विरोधात एक, अध्यक्ष. त्यांना अजूनही एकच वेळ योग्य वाटते, आणि त्यांच्या म्हणण्यात काहीच नाही असं मी आजही म्हणणार नाही.

"लिहून टाका सर्वानुमते," कोणीतरी मागून म्हणालं. "काका थोडेच रागावणार आहेत."

मी 'बहुमताने' लिहिलं आणि विरोधात अध्यक्षांचं नाव. ते वाकून बघत होते. "नाव कशाला?"

"तुम्ही हात वर केलात ना," मी म्हणाले.

मग त्याच पानावर खाली आणखी एक नोंद केली आणि मोठ्याने वाचली: टाकीच्या ठरावाच्या सभेत विरोधात एक मत पडलं होतं, ते मी लिहिलं नाही.

"कोणाचं?" वहिनींनी विचारलं.

"मामांचं."

वहिनी उठल्या आणि चहाचे कप गोळा करू लागल्या. माझा कप त्यांनी उचलला नाही. तो मी स्वतः नेऊन ठेवला.

सी-च्या वॉलची किल्ली आता त्यांच्या जिन्यात खिळ्याला असते, शेजारी पाळ्यांचा कागद. तिथे साडेपाचलाच पाणी सुटतं, त्यामुळे साडेसहापर्यंत टाकी थोडी उतरलेली असते आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या नळाची धार परत करंगळीएवढी झाली आहे. मी अर्धा तास आधी उठते आणि बादली लावून ठेवते.