घरघर न करणारा अ‍ॅम्प

आमच्या जुन्या गिटार अ‍ॅम्पची अर्थिंगची तार कापलेली आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात हे अ‍ॅम्प हाताने बनवणाऱ्या काकांनीच आज दुपारी तो उघडून सांगितलं.

मी कौतुकाने म्हणत होतो, "तुमचा यंदाचा अ‍ॅम्प घरघरतो, जुना मात्र शांत आणि गोड."

"गोड आहे, त्यातला ट्रान्सफॉर्मर जुना आहे म्हणून," काका म्हणाले. " घरघर तर दोन्हीले आहे, भाऊ. यातली ती घालवाले तार कापली कोणं? शॉक लागून माणूस मरते ना."

आम्ही तो एका बँडकडून घेतला होता. कालच मुलगी म्हणाली होती, "बाबा, गिटार वाजवताना माइकले ओठ लागले का झिणझिण्या येतात."



उद्या संध्याकाळी बडनेऱ्यात तिचा कार्यक्रम आहे. सकाळी तार जोडलेला अ‍ॅम्प मिळेल, आणि तो घरघरेल. तुमचा जुना अ‍ॅम्प फारच शांत आहे का?