घोड्यांचं गोत

माणसांच्या नात्यात माझ्या मावसाजींइतका कच्चा आणि घोड्यांच्या नात्यात त्यांच्याइतका पक्का माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. सख्ख्या मेहुणीचा मुलगा मी, पण मलाही ते 'तू कोनाचा रे?' असं विचारून मोकळे होत. केळझरच्या गणपतीला जाताना रस्त्यात एखादी घोडी दिसली, की मात्र तिचे कान आणि चालण्याची ढब पाहून तिची आजी कोणत्या गावची, हे ते चालता चालता सांगत.

हिंगणघाटच्या शाळेत ते गणित शिकवत आणि वेणा नदीपलीकडच्या आपल्या गावाहून सुलतान नावाच्या पांढऱ्याशुभ्र घोड्यावर बसून येत. पन्नास सालानंतर केव्हातरी मी तिथल्या जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागलो आणि त्यांच्याच घरी राहिलो. तेव्हा कळलं, की या माणसाचं खरं गणित शाळा सुटल्यावर सुरू होतं. नातू घोड्यात आजोबा किती उतरला, मावसभावंडं किती जवळची, याचे हिशेब ते जेवताना पाटाभोवती तुरीचे नि ज्वारीचे दाणे मांडून करत. मावशी म्हणायची, "माह्या घरात धान्य शिजते कमी आन् त्याचे नातेवाईकच जास्त होते." एका लग्नात वडीलधारी मंडळी वधूवरांचं गोत्र विचारत बसली होती, तर हे मांडवामागे जाऊन नवरदेवाच्या घोड्याची चौकशी करून आले आणि व्याह्यांना गंभीरपणे म्हणाले, की शेजारी बांधलेली घोडी त्याची सख्खी बहीण आहे, तिला जरा दूर बांधा. व्याही त्यानंतर त्यांच्याशी फार जपून बोलत होते.

बाजारात टांग्यांचे नि बग्गीचे घोडे ओळीने उभे असत. मावसाजी त्या ओळीकडे पाहून हळहळत. "दिसाले पन्नास हायेत," ते म्हणत, "पन हिशोबानं चार-पाचच समज." कारण साधं होतं. सुलतान इतका देखणा, की दहा गावांतली माणसं आपल्या घोड्या त्याच्याकडेच आणत. त्याच्या लेकी मोठ्या झाल्या, तर त्याही त्याच्याकडेच. बाहेरचा घोडा कोणी पाहीना. मावसाजींना या कौतुकाचा अभिमान वाटे आणि धास्तीही.

एका सकाळी गुलाब टांगेवाला आपली चांदणी घोडी घेऊन दारात उभा राहिला. तिचं आदल्या वर्षीचं शिंगरू सुलतानचंच होतं. ते धड उभंही न राहता गेलं होतं. चांदणी म्हातारी व्हायच्या आत तिच्या जागी टांग्याला जुंपायला घरचं जनावर व्हावं, एवढीच त्याची आस. मावसाजींनी यंदा सुलतान लावायला नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"माह्या घोडीत काय खोट हाये, गुरुजी?"

"खोट नाई रे. ते सुलतानची पोरगी हाये."

मग त्यांनी सुपात तूर आणि ज्वारी मिसळून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "पोराले एक मूठ बापाकडून, एक मूठ मायकडून. बापच मायचाही बाप असंन, तं दोन्ही मुठी एकाच सुपातल्या. तोच किडका दाना दोन्हीकडून आला, का पोर टिकत नाई."

गुलाबनं सुपात बोटं फिरवली. मग हळूच म्हणाला, "मंग मी जाऊ कुठं? इकडं तं सारे घोडे सुलतानचेच."

दोन दिवस मावसाजी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून सुलतानवर बसून ते दक्षिणेला, हैदराबादच्या रस्त्याने गेले आणि आठवड्याने परतले ते दुसऱ्याच घोड्यावर. मातकट रंग, बाकदार नाक, एक कान फाटलेला. तिकडच्या एका शेतकऱ्याशी त्यांनी घोड्याला घोडा बदलला होता. बाजारात लोक हसले, शाळेत पोरं हसली. मावसाजी त्या ध्यानावर ताठ बसून रोज शाळेत येत राहिले. पण हसणारा गुलाबच पुढे म्हणाला, की ज्यानं सुलतान देऊन हे आणलं, त्याला काहीतरी दिसलं असेल. आणि तो चांदणीला घेऊन आला.

पुढच्या वर्षी तिला शिंगरू झालं. मातकट, बाकदार नाकाचं. ते जन्मल्यावर लगेच धडपडत उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईला लुचू लागलं. गुलाब रडला. मग बाकीचेही घोड्या आणू लागले.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मावसाजी मला घेऊन सुलतानला भेटायला त्या शेतकऱ्याच्या गावी गेले. तो माळावर घोड्यांच्या कळपात चरत होता, अंगाने भरला होता. मावसाजींनी हाक मारली. तो आला, त्यांचा हात हुंगला, खांद्याशी थोडा वेळ मान टेकवून उभा राहिला. तिकडे एक घोडी खिंकाळली, तसा तो निघून गेला. पुन्हा वळून बघेल म्हणून आम्ही ताटकळलो. तो चरतच राहिला.

"लोकं पोरी देते सासरी," मावसाजी म्हणाले, "म्या पोरगा देल्ला."

आणि ते रस्त्याकडे चालू लागले. त्यांच्या बरोबरीने चालायचं माझ्या जिवावर आलं. त्यांचा चेहरा दिसू नये, म्हणून मी मुद्दाम जरा मागे राहिलो.